३०० ओहमच्या हेडफोनसाठी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर: किट घरी जोडताना

सेनहायझरचा एचडी ६०० किंवा एचडी ६५० (दोन्ही ३०० ओहम), नाहीतर बायरडायनॅमिकचा २५० किंवा ६०० ओहमचा डीटी ८८० असेल, तरच हे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचं किट घ्या. कारण सर्किटमध्येच आहे. १२एयू७ हा दुहेरी ट्रायोड (एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह, प्रत्येकाला कॅथोड, ग्रिड आणि प्लेट) सिग्नलचं व्होल्टेज वाढवतो आणि ६०८० (किंवा त्याचा भाऊ ६एएस७) हा दुसरा दुहेरी ट्रायोड कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे कॅथोडवरून आउटपुट देऊन, हेडफोन चालवतो. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. बॉटलहेड या अमेरिकन कंपनीच्या क्रॅक किटमध्ये हीच जोडी आहे. ६०८० च्या एका भागाचा आउटपुट इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) ९० ते १०० ओहम भरतो. त्यामुळे ३०० ओहमच्या हेडफोनवर पाऊण व्होल्टेज पोचतं, ३२ ओहमच्या हेडफोनवर जेमतेम चौथा हिस्सा. वर त्याला लागणारा करंटही या व्हॉल्व्हला झेपत नाही आणि आवाज फाटतो. एचडी ६५० चा इम्पिडन्स बासमध्ये ५०० ओहमच्या आसपास चढतो, म्हणून तिथे सुमारे १ डेसिबल जास्त मिळतं. या अ‍ॅम्प्लिफायरवर एचडी ६५० चा भरलेला बास म्हणतात तो हाच.

खोका उघडल्यावर आधी ट्रान्सफॉर्मर पाहा. किट अमेरिकेतून आलं असेल तर प्रायमरी (मेन्सच्या बाजूचं वाइंडिंग) फक्त १२० व्होल्टची आहे की १२० च्या दोन आहेत, हे पुस्तिकेत तपासा. दोन असतील तर आपल्याकडे त्या सिरीजमध्ये जोडायच्या, म्हणजे २४० व्होल्टची प्रायमरी होते. चुकून पॅरलल जोडून २३० व्होल्ट दिले तर कोअर (लोखंडी गाभा) सॅच्युरेट होऊन, म्हणजे चुंबकत्वाने पूर्ण भरून, फ्यूज उडतो. सिरीजमध्ये एक वाइंडिंग उलटं लागलं तरी तेच, कारण दोन्हींचे फ्लक्स एकमेकांना मारतात. पट्टीवर ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं हवं. फक्त ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो.

ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडवरून बांधून घेणार असाल (ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड) तर प्रायमरी २४० चीच सांगा. २२० ची घेतलीत आणि रात्री लोड कमी झाल्यावर लाइन २४५ ला गेली, तर ६.३ व्होल्टच्या हीटरवर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेवर) ७ व्होल्ट येतात. म्हणजे ११ टक्के जास्त, आणि व्हॉल्व्हला साधारण १० टक्केच फरक चालतो. २४० च्या प्रायमरीवर २३० व्होल्टला ६.०४ मिळतात, ते चालतं. हीटरचं वाइंडिंग किमान ३ अँपिअरचं हवं: ६०८० एकटा २.५ अँपिअर खातो, १२एयू७ ०.३.

फ्यूजही बदला. १२० व्होल्टसाठी १ अँपिअरचा दिला असेल तर २३० ला ०.५ अँपिअरचा स्लो-ब्लो लावा. तो फेजच्या वायरवर, स्विचच्याही आधी यायला हवा. ठाण्यातल्या बऱ्याच जुन्या इमारतींत तीन पिनी सॉकेट असतं, पण मागे अर्थिंग नसतं. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका, तो कुठेही न जोडलेल्या वायरवरही व्होल्टेज दाखवतो. वायरमनला फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून बघायला सांगा. बल्ब नीट पेटला किंवा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला, तर अर्थिंग आहे. चॅसिसला अर्थ जोडताना त्या बोल्टखालचा रंग खरवडून काढा आणि दातेरी वॉशर घाला. हा बोल्ट दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही.

आता जोडणी. ४० ते ६० वॅटचं तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न ३५० अंशावर ठेवा आणि आत राळ असलेली ६०/४० किंवा ६३/३७ ची सोल्डर तार घ्या. टॅगला (वायर जोडायच्या धातूच्या कानाला) आधी वायरीचा हूक करून पक्कडीने दाबा, मगच सोल्डर द्या. दोन वायरी येणाऱ्या टॅगवर दोन्ही आल्यावरच सोल्डर करा. पावसाळ्यात, विशेषतः ऐरोली, कोपरखैरणे, वाशी अशा खाडीकडच्या भागात, टॅग आणि रेझिस्टरचे पाय काळवंडतात. ते बारीक पॉलिश पेपरने घासून मगच तापवा, नाहीतर सोल्डर थेंबासारखा वर बसतो आणि आत ड्राय जॉइंट, म्हणजे नीट न धरलेला जोड, राहतो. काम झाल्यावर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दमट हवेत तो कुरकुर करायला लागतो.

सगळ्यात जास्त चुका पिना मोजण्यात होतात. सॉकेट खालून, म्हणजे वायरिंगच्या बाजूने बघताना पिना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायच्या: नऊ पिनीत मोकळ्या जागेपासून, आठ पिनीत खाचेपासून. ६०८० चा हीटर ७ आणि ८ वर आहे. १२एयू७ मध्ये ६.३ व्होल्टसाठी ४ आणि ५ एकत्र जोडून एक टोक, ९ हे दुसरं. ९ राहून ४ आणि ५ मध्येच ६.३ दिले तर दोन्ही भाग मंद तांबडे दिसतात. ४ किंवा ५ पैकी एकच जोडली तर एकच भाग पेटतो. हीटरच्या दोन वायरी पिळून चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या आणि ग्रिडच्या वायरींपासून लांब ठेवा.

बऱ्याच किटमध्ये १२एयू७ च्या कॅथोडला रेझिस्टरऐवजी एलईडी असतो, १.५ व्होल्टच्या आसपास बायस (ग्रिड आणि कॅथोडमधलं ठरावीक व्होल्टेज) देणारा. तो उलटा लागला तर परिणाम मोठा होतो. १२एयू७ मधून करंट वाहत नाही, त्याची प्लेट थेट हाय टेन्शनच्या (व्हॉल्व्हच्या मुख्य डीसी पुरवठ्याच्या) १७० व्होल्टला चढते आणि प्लेटला ६०८० ची ग्रिड थेट जोडलेली असल्याने त्याचा कॅथोडही वर जातो. मग ३ किलोओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर एरवीच्या ३.३ वॅटऐवजी साडेसातच्या आसपास वॅट पडतात. म्हणून हे रेझिस्टर १० वॅटचे वायरवाउंडच घ्या आणि कपॅसिटर, वायरी यांच्यापासून बोटभर अंतरावर लावा. आउटपुट कपॅसिटरही किमान २०० व्होल्टचे हवेत. याच कारणाने १२एयू७ न लावता फक्त ६०८० लावून कधीही सुरू करू नका.

वीज देण्याआधी फक्त ओहम मोजा. इनपुटपासून ग्राउंडपर्यंत व्हॉल्यूम कंट्रोलचे सुमारे १०० किलोओहम दिसायला हवेत. जॅकच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत आउटपुटचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) दिसेल, साधारण २.२ ते २.५ किलोओहम. हाय टेन्शनपासून ग्राउंडपर्यंतचा आकडा कपॅसिटर भरत जाईल तसा वर चढेल. शून्याजवळच थांबला तर शॉर्ट शोधा.

पहिल्यांदा वीज ६० वॅटच्या फिलामेंट बल्बमधून सिरीजने द्या. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. व्हॉल्व्ह न लावता बल्ब क्षणभर चमकून जवळजवळ विझायला हवा. पूर्ण पेटून राहिला तर प्रायमरी किंवा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) तपासा. व्हॉल्व्ह लावल्यावर तो मध्यम पेटेल, ते बरोबरच, कारण अ‍ॅम्प्लिफायर ३५ वॅटच्या आसपास घेतो.

मग बल्ब काढून थेट वीज द्या. हेडफोन अजून लावायचा नाही. मीटरची काळी वायर क्लिपने चॅसिसला अडकवा आणि एक हात खिशात ठेवून दुसऱ्याने मोजा. हाय टेन्शन १७० च्या जवळ, १२एयू७ ची प्लेट ७५ ते ९०, ६०८० चा कॅथोड १०० च्या आसपास. पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच प्रमाण, १० टक्के इकडेतिकडे चालतात. दोन चॅनेलमध्ये १५ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी जॉइंट पाहा, व्हॉल्व्ह नंतर. मिनिटभराने जॅकवर डीसी काही मिलिव्होल्टच उरायला हवा. व्होल्टमध्ये दिसला तर आउटपुट कपॅसिटर गळतोय, हेडफोन लावू नका.

काही बदलायचं असेल तर बंद करून थांबा. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि २७० किलोओहमचा ब्लीडर असेल तर टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज साधारण एक तृतीयांशावर यायचा वेळ) ५९ सेकंद येतो, म्हणजे व्हॉल्व्ह काढलेले असताना पूर्ण रिकामं व्हायला पाच मिनिटं. तरी हात घालण्याआधी मीटरने बघाच.

गुणगुण आली तर आधी तिचा स्वर ओळखा. ५० हर्ट्झची असेल तर हीटरची वायर ग्रिडजवळून गेलेली असते किंवा ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जाणं) असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवा: गेली तर लूपच होता. १०० हर्ट्झची असेल तर फिल्टरचा एखादा कपॅसिटर नीट सोल्डर झालेला नसतो. आवाजाची नॉब हातात धरल्यावर गुणगुण बदलत असेल, तर कंट्रोलची बॉडी ग्राउंडला जोडायची राहिली आहे.

रोज वाजवताना हेडफोन सुरू केल्यावर मिनिटाने लावा आणि बंद करण्याआधी काढा. कपॅसिटर भरताना येणारा धक्का पडद्यावर जायला नको. ६०८० च्या जागी ६एसएन७ लावू नका. पिना जुळतात, पण तो इतका करंट पेलू शकत नाही.