कॉम्प्युटरवर स्टॅट्स (संख्याशास्त्र) शिकवताय? आधी खरी नाणी उडवायला लावा

आमच्या लातूर-परभणीकडं कॉलेजात लॅब आहे, कॉम्प्युटर आहेत (चालू किती ते विचारू नका), तरी पोराला एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) म्हंजे काय विचारा, फॉर्म्युला फाडफाड म्हणतो अन् अर्थ विचारला की खाली मान. पहिल्या वर्षी मी पण माती खाल्ली, प्रोजेक्टर लावून स्लाईडी पळवल्या, लेकरं खुश, पेपरात निकाल जैसे थे. फळ्यावरचंच पडद्यावर आलं, दुसरं काय!

आता असं करतो. आधी प्रत्येकानं वहीत अंदाज लिहायचा, नाणं १० वेळा उडवलं तर बरोब्बर ५ छापे पडायची शक्यता किती? निम्मे तर 'अर्धी' लिहून मोकळे होतात. मग खिशातलं नाणं काढून खरंच उडवायचं. चाळीस पोरांत साधारण दहाएक जणांचेच ५ येतात, तिथं कुजबुज सुरू होते, अन् मगच कॉम्प्युटर उघडायचा, त्याआधी हात लावू द्यायचा नाही.

एक्सेल नसलं तर लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे. एका ओळीत दहा खान्यांत रँडबिटवीन टाका (दिलेल्या दोन आकड्यांच्या मधला कुठलाही आकडा काढणारं सूत्र), शून्य ते एक, एक म्हंजे छापा, शून्य म्हंजे काटा, अकराव्यात बेरीज, ही ओळ खाली १००० पर्यंत ओढा, अन् काऊंटइफनं (अट बसणारे खाने मोजणारं सूत्र) मोजा की बेरीज ५ किती ओळींत आली. दहा वेळा उडवल्यावर १०२४ तऱ्हा होऊ शकतात, त्यातल्या २५२ मधे ५ छापे, म्हणून खरं उत्तर २५२ भागिले १०२४, म्हंजे २४.६ टक्के, त्यामुळं आकडा २४६ च्या आसपास येतो. कीबोर्डवरचं एफ नाईन दाबलं की नवे आकडे पडतात अन् तो बदलतो. एक पोरगी घाबरून म्हणाली, "सर, बिघडलं का हे? दर वेळी वेगळंच यायलंय!" तिला म्हणलं, बाई, हेच तर शिकवायचं होतं, आता वीस वेळा दाब अन् आकडे लिहून काढ. तिनं लिहिले, बहुतेक २२० ते २७० च्या मधेच. नमुना बदलला की उत्तर हलतं पण किती हलतं याला पण हिशोब असतो, हे ती स्वतःच बोलली. ही गोष्ट खडूनं दाखवणं अवघड, इथं मशीन खरंच कामाला येतं. नुसती सरासरी काढायला कॉम्प्युटर लावायचा तर कॅल्क्युलेटर काय वाईट होता?

सरासरी अन् मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) यासाठी गावातलंच घ्या. नऊ जणांना ४-४ एकर, एकाला ६४. सरासरी १० एकर, मध्यक ४. आता शेवटचा आकडा पोरांना बदलू द्या, ६४ चे २०० करा, सरासरी पळते अन् मध्यक जागचा हलत नाही.

ग्राफ काढायला लावल्याशिवाय सोडू नका. अ‍ॅन्सकोम्ब नावाच्या माणसानं १९७३ साली चार डेटासेट दिले, चारींत सरासरी जवळपास सारखी, सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीनं वाढतात-घटतात याचं माप) पण ०.८१६ च्या आसपास, पण चित्र काढलं की चारी तऱ्हा चार.

आता फरक पडला का हे कसं बघायचं? चिठ्ठ्या टाकून दोन बॅचा करा, एकीला फळ्यावर शिकवा, दुसरीला कॉम्प्युटरवर, ज्यांना कॉम्प्युटर आवडतो त्यांना एकीकडं कोंबलं तर तुलनाच वाया. दोघींना शिकवायच्या आधी एकच पेपर, नंतर तसाच दुसरा, अन् बघायचं ते किती वाढले. शिकवणारा पण एकच पाहिजे. पेपर कागदावरच घ्या, प्रश्न 'का' चे असू द्या, अन् महिन्याभरानं परत एकदा घ्या, कारण लॅबच्या नवलाईनं सुरवातीला मार्क उगाच वाढलेले असू शकतात. अन् प्रॅक्टिकलच्या दिवशी लाईट गेली तर नाणी असतातच खिशात.