चीनचा आर्थिक इतिहास शिकताय? आधी भात आणि तांदूळ वेगळे करा

चीनच्या आर्थिक सुधारणांवर पीएचडी करायचीय म्हणणारी दोन-तीन मुलं दरवर्षी भेटतात. अन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावात १९७८ साली १८ शेतकऱ्यांनी गुपचूप कागदावर अंगठे उठवले आणि सामूहिक शेतीची जमीन घरटी कसायला वाटून घेतली, हे सगळ्यांना पाठ. चिनी वाचता येतं का विचारलं, की "अॅपवर भाषांतर होतं ना सर."

नाही होत. माझंच सांगतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी भारत-चीन दरडोई धान्याचा तक्ता केला. चीनचं एकूण धान्य १९७८ ला ३०.५ कोटी टन, १९८४ ला ४०.७ कोटी टन; त्याला लोकसंख्येनं भागलं. आपण कुठल्या कुठे मागे. सेमिनारमध्ये मागच्या बाकावरून एका वयस्कर प्राध्यापकांनी एवढंच विचारलं, "हे भात की तांदूळ?" मी माणगावचा. गिरणीत भाताला तांदळाचा उतारा किती पडला यावरून वडिलांची हुज्जत ऐकत वाढलेला. तरी उत्तर नव्हतं.

भारताचे सरकारी आकडे तांदळाचे असतात, चीनचे तुसासकट भाताचे. १०० किलो भाताचे तांदूळ ७० किलोच्या आत-बाहेर. त्यात चिनी तक्त्यांच्या इंग्रजी स्तंभात 'ग्रेन' म्हणून छापलेला शब्द मुळात 'लियांगशी'. त्यात सोयाबीन येतं, जे आपण तेलबियांत धरतो. रताळी-बटाटेही येतात: १९६४ पासून पाच किलोंना एक किलो धान्य, त्याआधी चार किलोंना एक. हे सगळं तळटीपेत, बारीक चिनी अक्षरांत. मी फक्त तक्ता उचलला होता. दुरुस्तीला सात महिने गेले. १९८४ चं अंतर जवळजवळ निम्म्यावर आलं. चीन पुढेच राहिला, पण माझं अख्खं प्रकरण रद्दीत.

चिनी मोजणीत 'वान' म्हणजे दहा हजार, 'यी' म्हणजे दहा कोटी. लाखाच्या सवयीनं शून्य घसरतं. वजनाचा 'जिन' आज अर्धा किलो, छिंग राजवटीच्या काळात जास्त. जुन्या जिल्हा-गॅझेटियरमध्ये हे तपासल्याशिवाय बेरीज करू नका.

तयार डेटासेटवर माझा राग आहे, तो आहेच. मार्गदर्शकाबद्दलही: परदेशात नाव असलेला, पण वर्षभर प्रकरण न उघडणारा नको. तळटीप वाचणारा खडूस बरा. शियाओगांगची गोष्ट सांगून थांबलात, तर तो विचारेल, १९७९ मध्ये सरकारनं धान्याचा खरेदीभाव २० टक्के वाढवला, कोट्यापेक्षा जास्त विकलेल्या धान्याला आणखी ५० टक्के दिले, मग उत्पादनवाढीत त्याचा वाटा किती?

भाषेला मात्र घाबरू नका. तक्त्यांत तीच ती दोन-तीनशे अक्षरं फिरून येतात. वर्षभरात डोळे बसतात. मी गणितात कच्चा होतो, तरी निभावलं.

प्रबंध झाल्यावर वडिलांना हा किस्सा सांगितला. त्यांनी विचारलं, "उतारा किती धरलास?"

"सत्तर."

"आपल्या गिरणीत कधी सत्तर पडलेला बघितलायस?"