काळ्या मोहऱ्यांनी खेळताना काय बदलावे?

बुद्धिबळात दोन्ही बाजूंचे बळ सारखे असले, तरी पहिली खेळी पांढऱ्याची असते आणि या एका खेळीच्या आघाडीमुळे डावाची आखणी वेगळी करावी लागते. विजयाला एक आणि बरोबरीला अर्धा गुण धरला, तर स्पर्धांतील असंख्य डावांत पांढऱ्याच्या वाट्याला साधारण ५२ ते ५६ टक्के गुण आलेले दिसतात.

पांढऱ्याने ई४ किंवा डी४ खेळून, म्हणजे राजासमोरचे किंवा वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवून, मध्य ताब्यात घ्यावा (घराच्या नावातले अक्षर उभी पट्टी सांगते आणि अंक आडवी रांग), घोडे व उंट लवकर बाहेर काढावेत आणि किल्लेकोट करावा, म्हणजे राजा व हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला सुरक्षित करावे. निरुद्देश खेळी केल्यास आघाडी तिथेच संपते.

काळ्याची बाजू अधिक विचार मागते. नवखे खेळाडू समोरच्याची नक्कल करतात आणि माझ्या मते हीच सर्वांत महागात पडणारी सवय आहे. ई४, ई५ नंतर दोघांनी राजाकडचे घोडे एफ३ व एफ६ या घरांत आणले, पांढऱ्याने ई५ वरचे प्यादे मारले आणि काळ्यानेही लगेच ई४ वरचे मारले, तर पांढरा वजीर ई२ वर येतो. आता काळ्याने घाबरून घोडा एफ६ वर परत नेला, की पांढरा घोडा सी६ वर जातो. मोकळ्या झालेल्या ई पट्टीतून राजाला वजिराचा शह बसतो, त्याच वेळी घोडा काळ्या वजिरावर चालून गेलेला असतो, आणि वजीर वाचत नाही. म्हणून काळ्याने आधी डी६ खेळून ई५ वरचा पांढरा घोडा हुसकावावा आणि मगच ई४ वरचे प्यादे मारावे.

काळ्याचे पहिले उद्दिष्ट समसमान स्थिती गाठणे हे असावे. एफ७ वरच्या प्याद्याला सुरुवातीला फक्त राजाचाच आधार असतो, हे सतत ध्यानात ठेवावे. ई४ ला ई५ हे सरळ उत्तर आहे. सिसिलियन बचावात सी५ खेळून बाजूच्या प्याद्याने डी४ वर दाब आणला जातो, तर फ्रेंच बचावात ई६ नंतर डी५ खेळतात, मात्र त्यात पांढऱ्या घरांतील उंट बराच काळ अडकून पडतो. पांढऱ्याला एकच सुरुवात पक्की करून भागते. काळ्याला मात्र ई४ आणि डी४ या दोहोंना उत्तर तयार ठेवावे लागते.

काळ्याच्या बाजूने वजीर राजाच्या उजवीकडे असतो आणि लहान (राजाकडच्या हत्तीबरोबरचा) किल्लेकोट डावीकडे होतो, त्यामुळे सरावाची निम्मी कोडी पट फिरवून सोडवावीत.