मिनेसोटाच्या उत्तरेकडील सरोवरांकडे निघण्यापूर्वी: तयारीची यादी

जूनमध्ये जायचे की सप्टेंबरमध्ये, हे सर्वांत आधी ठरवावे, कारण पुढचे सगळे सामान या एका निर्णयावर अवलंबून असते. कॅनडाच्या सीमेलगतच्या सरोवरांवरील बर्फ बहुधा एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पूर्वार्धात वितळतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत काळ्या माश्या व डास यांचे राज्य सुरू होते. भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन अनेक मराठी कुटुंबे नेमकी याच काळात निघतात; त्यांनी डोक्यावरून घ्यायची जाळी आणि लांब बाह्यांचे फिकट कपडे विसरू नयेत, कारण गवतातून अंगावर चढणारी, लाइम रोग पसरवू शकणारी गोचीड फिकट कापडावर लवकर दिसते. माझा कौल सप्टेंबरला आहे: तेव्हा डास बरेच ओसरलेले असतात आणि महिन्याच्या अखेरीस मेपलची पाने रंगतात, मात्र रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत उतरू शकतो. हिवाळ्याचा विचार येथे केलेला नाही. २ फेब्रुवारी १९९६ रोजी टॉवर या गावी उणे ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, एवढे कारण पुरे.

कपडे भरताना मिनिआपोलिसचा अंदाज पाहून फसू नये. तेथून सुमारे २५० किलोमीटरवर डुलुथला सुपिरियर सरोवर लागते. सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे आणि कमाल ४०६ मीटर खोलीचे हे पाणी उन्हाळाभर अतिशय संथपणे तापते, त्यामुळे वारा सरोवरावरून येऊ लागला की आत जमिनीवर उकाडा असतानाही किनाऱ्यावर स्वेटर शोधावा लागतो. वारा अडवणारे जॅकेट आणि लोकरी टोपी जुलैतही हाताशी ठेवावी. पाण्यात उतरण्याचा मोह झाल्यास जीवरक्षक जॅकेट अंगावर असलेच पाहिजे, कारण थंडीच्या पहिल्या धक्क्याने श्वास अडखळतो आणि पट्टीचा पोहणाराही काही क्षणांत गडबडतो.

किनाऱ्याच्या काळ्या खडकांवर चालण्यासाठी चांगल्या पकडीचे बूट लागतात. हे खडक सह्याद्रीसारखेच बेसॉल्टचे आहेत, फक्त आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर हा सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा. गूजबेरी फॉल्सजवळ उभे राहिल्यावर घाटातल्या धबधब्याची आठवण येते ती उगाच नव्हे. लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेले लालसर अकीक किनाऱ्यावर सापडतात. मात्र राज्य उद्यानांतून दगड उचलून नेण्यास बंदी असल्याने त्यासाठी पिशवी नेऊ नये.

बाउंडरी वॉटर्स या संरक्षित भागात कॅनोने मुक्काम करायचा असेल, तर तयारी जानेवारीतच सुरू करावी लागते. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशद्वारावर मुक्कामी गटांची संख्या मर्यादित असते. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसे आणि ४ नावा चालतात. हिमनद्यांनी कठीण खडक खरवडून केलेल्या खळग्यांत ही हजाराहून अधिक सरोवरे साचली आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जाताना नाव व सामान खांद्यावर घेऊन चालावे लागते. या वाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात आणि तिची लांबी ‘रॉड’मध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कॅनोएवढा. म्हणून सामान एका माणसाला उचलता येईल एवढेच बांधावे. डबाबंद खाद्यपदार्थ आणि काचेच्या बाटल्यांना येथे मनाई असल्याने लोणच्याची बरणी घरीच राहू द्यावी. पोहे, भाजणी आणि मेतकूट साध्या पिशव्यांतून न्यावे. काळी अस्वले वासावर येतात, तेव्हा अन्नासाठी अस्वलांना न उघडणारा डबा किंवा ते झाडावर टांगण्याची दोरी आवश्यक आहे. सरोवराचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी उकळून किंवा गाळणीयंत्रातून काढूनच प्यावे. मोबाइलच्या भरवशावर न राहता जलरोधक कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत घ्यावे. (गनफ्लिंट मार्गावरील मॅग्नेटिक रॉक या लोहयुक्त शिळेपाशी मात्र होकायंत्राचाही काटा भरकटतो.) या मार्गाला लागण्याआधी ग्रँड मरे येथे पेट्रोलची टाकी भरून घ्यावी.

स्वतःची नाव असल्यास, एका सरोवरातून बाहेर काढताच तिच्यातील पाणी पूर्ण उपसून आणि चिकटलेली वनस्पती काढून टाकावी. झेब्रा शिंपल्यांचा प्रसार रोखण्यासाठी राज्याचा तसा कायदाच आहे.

परतीच्या वाटेवर एक दिवस हाती असेल, तर तो इटास्का सरोवरासाठी राखावा. मिसिसिपी नदी येथून निघते आणि उगमापाशी ती दगडांवर पाय ठेवत ओलांडता येते. हे दगड निसरडे असतात, म्हणून रबरी तळव्याच्या, मागून पट्टा असलेल्या चपला आणि एक जास्तीचा पायमोज्यांचा जोड बॅगेत सर्वांत वर ठेवावा.