मेटाबॉलिक सिंड्रोम: पन्नाशीच्या आसपासचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

बावन्न वर्षांच्या एखाद्या गृहिणीचा रिपोर्ट आपल्यासमोर आहे, असे समजू. उपाशीपोटी साखर 104, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 162, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 44, रक्तदाब 132/84 आणि कंबरेचा घेर 86 सेंटिमीटर. यांतला एकही आकडा धडकी भरवणारा नाही, त्यामुळे ‘थोडं बॉर्डरवर आहे, या वयात चालायचंच’ असे म्हणून फाइल कपाटात जाते. प्रत्यक्षात 2009 मध्ये अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून मान्य केलेल्या निकषांनुसार पाचपैकी तीन गोष्टी आढळल्या तरी मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या लक्षणांचा समूह, धरला जातो, आणि या बाईंच्या रिपोर्टात पाचही आहेत.

आकडे सुटेसुटे वाचणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. साखर 100 किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड 150 किंवा अधिक, रक्तदाबाचा वरचा आकडा 130 किंवा अधिक अथवा खालचा 85 किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत 40 पेक्षा आणि स्त्रियांत 50 पेक्षा कमी, हे चार निकष. पाचवा पोटाच्या घेराचा. यांतील एचडीएलकडे विशेष लक्ष द्यावे, कारण काही लॅबच्या छापील रकान्यात स्त्री-पुरुष दोघांसाठी 40 हीच मर्यादा असते आणि मग बाईंचा 44 हा आकडा ठळक अक्षरांत छापलाच जात नाही.

वजनकाट्यावर भिस्त ठेवणे ही दुसरी चूक, आणि ती आपल्याकडे अधिक घातक ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के होती. उतारवयात तर स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते, त्यामुळे वर्षानुवर्षे वजन तेच असल्याचा अभिमान फारसा उपयोगाचा नसतो. म्हणूनच दक्षिण आशियाई लोकांसाठी घेराची मर्यादा पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर अशी कमी ठेवली आहे.

हा घेर मोजतानाही गफलत होते. ‘माझी पँट अजून चौतीसचीच आहे’ असे सांगणारे गृहस्थ पँट पोटाच्या खाली नेसतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. शिवणकामाची टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, कपड्यांवरून नव्हे तर अंगावर, आडवी धरावी आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढून मोजण्यात काहीच अर्थ नाही.

रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असताना आकडे आटोक्यात आले, की आपण यादीतून बाहेर पडलो असे अनेकांना वाटते. तसे नसते, औषध चालू असेल तर तो निकष लागू आहे असेच मानतात. त्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, हे वेगळे सांगायला नको. तपासणीच्या सकाळी ‘फक्त अर्धा कप चहा’ घेऊन गेलेल्यांची साखर मात्र उपाशीपोटीची राहत नाही.

शेवटी टक्केवारीबद्दल. भारतात मेटाबॉलिक सिंड्रोम किती जणांना आहे, याचे वेगवेगळे आकडे वाचून लोक गोंधळतात, पण त्यामागे बहुतेक वेळा व्याख्येचा फरक असतो. 2001 च्या अमेरिकन निकषांत पुरुषांची घेराची मर्यादा 102 सेंटिमीटर होती. 95 सेंटिमीटर घेराचा माणूस तेथे सुटतो आणि आपल्या मर्यादेत सापडतो. दुसरे म्हणजे बेरीज करू नये. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी आरोग्य पाहणीत वीस वर्षांवरील 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि 39.5 टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आढळला, पण या दोन आकड्यांत बरीचशी माणसे तीच असू शकतात. बातमीत टक्केवारी दिसली, तर ती कोणत्या वयोगटाची आणि कोणत्या घेराच्या मर्यादेवर काढली आहे, हे आधी पाहावे.