‘आवाज रात्रीच बदलला होता, मॅडम’

हे वाक्य मी ऐकलं तेव्हा सकाळ झाली होती. आमच्या औषध कारखान्यात कॉम्प्रेशनच्या, म्हणजे गोळ्या दाबून बनवायच्या खोलीत तीन ड्रम बाजूला काढलेले, गोळ्यांवरचं कोरलेलं अक्षर मधूनच उडालेलं. पिकिंग. ग्रॅन्युल, म्हणजे औषधाचे दाणे, गोळी दाबणाऱ्या पंचाला चिकटत होते. मशीनवरचा ऑपरेटर माझ्यापेक्षा अनुभवी. ‘मग रात्रीच का नाही थांबवलंत?’ असं विचारलं, तर म्हणाला, ‘मागच्या वेळी थांबवलं, तेव्हा डेव्हिएशनमध्ये माझं नाव आलं.’

ते डेव्हिएशन, म्हणजे ठरल्या पद्धतीपासून काही ढळलं की करायची नोंद, मीच लिहिलं होतं. कारण : ऑपरेटरची चूक. उपाय : री-ट्रेनिंग. पाच मिनिटांत बंद.

म्हणून क्यूएमधल्या, म्हणजे गुणवत्ता हमी विभागातल्या माझ्यासारख्यांना पहिलं सांगणं हे की, कामगारांना गुणवत्तेत सामील करून घ्यायचं असेल तर सुरुवात पोस्टर आणि शपथांपासून करू नका, डेव्हिएशनच्या फॉर्मपासून करा. युरोपच्या जीएमपीच्या, म्हणजे औषधनिर्मितीच्या नियमावलीच्या, पहिल्याच प्रकरणात म्हटलंय की, मानवी चूक हे कारण लिहायचं असेल तर प्रक्रियेतली, पद्धतीतली किंवा यंत्रणेतली चूक नजरेआड झालेली नाही, हे आधी तपासलेलं असावं. ही तपासणी टेबलावर होत नाही. मशीनजवळ उभं राहून त्या माणसालाच विचारा : एसओपीतली (लेखी कार्यपद्धतीतली) ही पायरी हातमोजे घालून, या जागेत करता येते का? त्या वेळी आणखी काय काय चाललं होतं? दुसऱ्या शिफ्टचा माणूस असता तर त्याच्याकडूनही हेच झालं असतं का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ उत्तर आलं, तर री-ट्रेनिंगचा कागद फाइलमध्ये जाईल आणि चूक तिथेच राहील. आमच्या त्या बॅचचे ग्रॅन्युल वाळवल्यावर ओलाव्याच्या मर्यादेत होते. पण कॉम्प्रेशनला जाईपर्यंत पडून राहिले, आणि तेवढ्यात त्यांनी दमटपणा ओढला. पुढे चेंज कंट्रोल करून, म्हणजे बदलाची रीतसर मंजुरी घेऊन, कॉम्प्रेशनच्या आधी ओलावा पुन्हा तपासायची पायरी बीएमआरमध्ये, म्हणजे बॅचच्या नोंदपत्रकात घातली. ही पायरी सुचवली त्याच ऑपरेटरने.

आता सूचनांचं. उत्साहात लोक मशीनपाशी वही ठेवतात. ठेवू नका! ऑपरेटर भाबडेपणाने त्यात गोळीचं वजन नाहीतर कडकपणा टिपून ठेवतो, मग सवडीने बीएमआरमध्ये उतरवतो, आणि ऑडिटर ती वही उघडतो तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसतं. आकडा घेतला त्याच क्षणी, थेट बीएमआरमध्ये. सूचनांसाठी क्यूएने क्रमांक घालून दिलेली पानं ठेवा आणि त्यांवर बॅचचा एकही आकडा लिहायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. प्रत्येक सूचनेला उत्तर त्याच पानावर, आठवड्याच्या आत. ‘नाही’ असलं तरी चालेल, फक्त कारण लिहा. दोन सूचना अनुत्तरित राहिल्या की तिसरी येत नाही.

एसओपी लिहिताना मसुदा घेऊन लाइनवर जा, ऑपरेटरला काम करू द्या आणि स्वतः गप्प बसून बघा. गप्प बसणं आम्हा क्यूएवाल्यांना जड जातं. गोळ्या स्ट्रिपमध्ये भरणाऱ्या ब्लिस्टर मशीनच्या लाइन क्लिअरन्सची, म्हणजे आधीच्या बॅचचं काही उरलं नाही ना हे तपासायची, आमची यादी चांगली लांबलचक होती. पॅकिंगमधल्या एकीने मात्र गाइड ट्रॅकच्या खालची फट दाखवली, जिथे आधीच्या बॅचची गोळी अडकून राहू शकते. ती फट यादीत कुठेच नव्हती.

ट्रेनिंगबद्दल थोडक्यात : स्लाइड कमी करा, नाकारलेल्या गोळ्या हातात द्या. एका खळग्यात गोळी नसलेली स्ट्रिप दाखवा आणि ती तपासणीच्या कॅमेऱ्यातून कशी सुटली असेल, ते त्यांनाच शोधू द्या. क्वालिटी सर्कल, म्हणजे गुणवत्तेवर बोलणारी कामगारांची छोटी मंडळं, जपानमध्ये १९६२ पासून चालत आली आहेत, तुमच्याकडेही चालतील. फक्त बैठक शिफ्टच्या वेळेत घ्या, घरी निघालेल्या माणसाला अडवून नको.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे मशीन थांबवायचा अधिकार. तो लेखी द्या आणि त्यावर उत्पादन प्रमुखांची सही घ्या, कारण खरा ताण त्यांच्या टार्गेटचा असतो. गुणवत्तेच्या शंकेने थांबलेला वेळ शिफ्टच्या हिशेबातून वजा झाला पाहिजे. ‘शून्य डेव्हिएशन’ला बक्षीस असेल तर ते आजच बंद करा, त्याने डेव्हिएशन संपत नाहीत, नोंदवायची राहतात. आणि वरच्यांना आधीच बजावून ठेवा : सुरुवातीचे काही महिने नोंदी वाढतील. आयसीएच या औषधांच्या आंतरराष्ट्रीय नियम-परिषदेच्या क्यू१० या २००८ च्या मार्गदर्शक सूचनेत गुणवत्ता व्यवस्थेची जबाबदारी व्यवस्थापनावर टाकलेली आहे. आलेख वर गेला म्हणून त्यांनी सुपरवायझरला झापलं, की सगळं मुसळ केरात.

खरी परीक्षा होते खोट्या इशाऱ्याच्या वेळी. काही महिन्यांनी त्याच ऑपरेटरने रात्री मशीन थांबवून मला बोलावलं. गाउन चढवून आत गेले. पंच काढून पाहिले, डाय (गोळीचे साचे) पाहिले, वजनं पुन्हा घेतली. काहीच सापडलं नाही. चाळीस मिनिटं गेली आणि तो खाली मान घालून उभा होता. मी नोंदीत लिहिलं : ‘शंकेवरून मशीन थांबवले, दोष आढळला नाही, थांबवणे योग्य.’ सही करून त्याला वाचून दाखवलं. त्याने एकदा मान हलवली आणि मशीन सुरू केलं.