चरणाऱ्या घोड्याला ताप आल्यास रक्ताची काचपट्टी कशी घ्यावी

पावसाळाभर माळावर सोडलेला घोडा दसऱ्याच्या सुमारास खंगू लागतो. दाणावैरण नेहमीइतकीच खातो, तरी बरगड्या उघड्या पडतात, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, चढावर मागची पावले ओढल्यासारखी पडतात. आणि पाहायला येणारा प्रत्येक जण जंताचे औषध सुचवून जातो. जंताचे औषध जरूर द्यावे, पण आधी रक्त तपासावे, कारण ही लक्षणे पुष्कळदा सर्रा या रोगाची असतात. त्याचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, रक्तद्रवात पोहत राहतो. घोडमाशी एका जनावराला डसते, शेपटीच्या फटक्याने उडते आणि तेच रक्ताळलेले तोंड शेजारच्या जनावराला लावते. गाई-म्हशी हा परजीवी फारसे आजारी न पडता अंगात बाळगू शकतात, त्यामुळे त्यांच्यासोबत चरणाऱ्या घोड्याला धोका अधिक असतो. दुसरा रोग गोचिडींमुळे होतो. त्यात थायलेरिया इक्वाय किंवा बाबेसिया कॅबली हे परजीवी तांबड्या पेशींच्या आत शिरतात, हिरड्या फिकट किंवा पिवळसर होतात आणि कधी कधी लघवी तांबूस होते. नुसत्या डोळ्यांनी हे दोन्ही रोग खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत आणि दोघांची औषधे निराळी आहेत, म्हणून काचपट्टीला, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पातळ पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याला, पर्याय नाही.

ताप सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून मोजावा आणि वहीत लिहावा, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे निरोगी घोड्याचे तापमान होय.

आता ज्या टप्प्यावर बहुतेकांची तपासणी फसते, त्याकडे येतो. सर्रा झालेल्या घोड्याचा ताप चढतो, उतरतो, काही दिवसांनी पुन्हा चढतो, आणि रक्तातले परजीवीही त्याच लाटेने वाढतात व कमी होतात. ताप उतरल्यावर घेतलेल्या थेंबात ते इतके विरळ असू शकतात की तासभर सूक्ष्मदर्शकात डोळे घातले तरी एकही दिसत नाही. माझ्या एका घोडीच्या बाबतीत मी नेमकी हीच चूक दोनदा केली. ताप आला की आधी ताप उतरवण्याचे इंजेक्शन द्यायचे, घोडी जरा सावरली की सवडीने रक्त घ्यायचे, आणि ‘परजीवी आढळले नाहीत’ असा अहवाल हाती आला की निश्चिंत व्हायचे, असा माझा क्रम होता. तिसऱ्या खेपेस रात्री अकराला ४०.५ अंश ताप असताना टॉर्चच्या उजेडात काचपट्टी केली, तेव्हा परजीवी सापडले. तोवर सहा आठवडे वाया गेले होते. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: ताप चढलेला असतानाच, कोणतेही औषध टोचण्यापूर्वी, रक्त घ्यायचे. ताप उतरवणाऱ्या इंजेक्शनाने परजीवी मरत नाहीत, केवळ रक्त केव्हा घ्यावे हे सांगणारी खूण पुसली जाते. ‘आधी एक सुई मारून पाहू’ असे सांगणाऱ्याला नम्रपणे थांबवावे.

रक्त कोठून घ्यावे, यावरही माझे मत पक्के आहे. मानेच्या मोठ्या शिरेतले रक्त कुपीसाठी घ्यावे, पण काचपट्टीसाठी कानाच्या कडेवरील बारीक रक्तवाहिनी टोचावी, कारण बाबेसिया कॅबलीसारख्या परजीवीचे प्रमाण मुळातच कमी, बहुधा शंभर पेशींत एकाहूनही कमी असते, आणि त्वचेखालच्या केशवाहिन्यांतील रक्तात तो सापडण्याची शक्यता अधिक असते. कान धरू न देणाऱ्या घोड्याशी झटापट करू नये. मोतद्दाराने म्होरकी धरून मान थोपटत राहावे आणि टोचणाऱ्याने समोर नव्हे, बाजूला उभे राहावे. केस कातरून स्पिरिट लावावे आणि ते पूर्ण वाळू द्यावे. ओल्या स्पिरिटमध्ये मिसळलेला थेंब बिघडतो आणि त्याची काचपट्टी वाचता येत नाही.

पहिला थेंब पुसून टाकावा. दुसरा थेंब, मोहरीच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा, काचपट्टीच्या एका टोकाजवळ घ्यावा. दुसऱ्या काचपट्टीची गुळगुळीत कड साधारण ३० ते ४५ अंशांच्या कलाने थेंबापुढे टेकवून मागे सरकवावी, थेंबाला स्पर्श होताच रक्त कडेभर पसरते, आणि त्याच क्षणी न दाबता, न थांबता, एकाच ओढीत पुढे न्यावी. हात अडखळला की आडव्या पट्ट्या उमटतात. थेंब मोठा असला की रक्त थेट दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि पेशी एकमेकींवर चढतात. चांगल्या काचपट्टीचे शेवटचे टोक जिभेसारखे गोलसर आणि इतके पातळ असते की त्याखाली धरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे वाचता येतात. मी पहिल्या वीस-पंचवीस काचपट्ट्या फेकल्या आहेत. शिकणाऱ्याने तितक्या फेकण्याची तयारी ठेवावी आणि प्रत्येक वेळी किमान तीन काढाव्यात.

वाळवणे हा या टप्प्याचाच भाग आहे. दमट हवेत काचपट्टी सावकाश वाळली की तांबड्या पेशी आकसतात आणि त्यांत चकचकीत ठिपके दिसू लागतात; नवशिक्या तपासनीसाला तेच परजीवी वाटतात. म्हणून काचपट्टी हातात धरून पंख्यासारखी हलवत वाळवावी, चुलीवर किंवा उन्हात धरू नये. वाळत ठेवलेल्या काचपट्टीवर माश्या बसतात आणि रक्त चक्क चाटून नेतात, हे सांगितले तर लोक हसतात, पण तबेल्यात एकदा पाहिले की कोणी हसत नाही. वाळल्यावर जाड टोकावर पेन्सिलीने घोड्याचे नाव, तारीख आणि त्या वेळचा ताप लिहावा, मिथेनॉलमध्ये तीन ते पाच मिनिटे बुडवावी, कोरड्या कागदात गुंडाळावी आणि फॉर्मॅलिनच्या (नमुने टिकवण्याच्या द्रावणाच्या) बाटलीजवळ मुळीच ठेवू नये.

सोबत ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणाऱ्या रसायनाच्या) कुपीत रक्त आणि साध्या कुपीत रक्तजल (रक्त साकळल्यावर वर सुटणारे पाणी) बर्फावर, पण त्यांचा बर्फ होऊ न देता, पाठवावे. काचपट्टीत काही न आढळल्यास घोडा निरोगी ठरत नाही; पुढच्या तापात पुन्हा काचपट्टी घ्यावी आणि रक्तजल पशुवैद्यकांमार्फत हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवावे.

उपचार पशुवैद्यकांनीच करावेत. सर्रावरचे औषध क्विनापायरामिन टोचल्या जागी मोठी सूज आणते आणि बाबेसियासाठीचे इमिडोकार्ब पोटदुखी व लाळ सुटण्यास कारण होते. मालकाने करण्याजोगे एकच काम आहे: वजन नीट मोजून सांगणे. पुढच्या पायांमागून घेतलेल्या छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८० (मापे सेंटिमीटरमध्ये) असे केले की किलोग्रॅम मिळतात. १६० घेर आणि १४० लांबी असेल तर सुमारे ३०० किलो. अंदाजाने दिलेली कमी मात्रा परजीवीला मारत नाही, त्याला औषधाची सवय लावते.

एकच सुई साऱ्या तबेल्याला वापरू नये. गोचिडी कानात, आयाळीखाली, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांमध्ये शोधाव्यात, चिमट्याने काढाव्यात, बोटांनी चिरडू नयेत. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत; चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला २००४ मध्ये सर्राच्याच परजीवीची लागण झाल्याचे सिद्ध झाले होते. अशी उदाहरणे अतिशय विरळ आहेत, पण हातमोज्यांना पैसे फारसे पडत नाहीत.

सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा अन्य बाजारातून आणलेला घोडा कितीही तुकतुकीत दिसला तरी त्याची काचपट्टी आणि रक्तजल आल्या दिवशीच घ्यावे. थायलेरिया इक्वायची लागण झालेला घोडा बाहेरून धडधाकट दिसत जन्मभर तो परजीवी बाळगू शकतो. अहवाल हाती येईपर्यंत त्याला जुन्या घोड्यांपासून आणि गोठ्यापासून दूर बांधावे, रोज अंगावरून हात फिरवून गोचिडी तपासाव्यात आणि घोडमाश्यांच्या भर दुपारच्या वेळी त्याला चरायला न सोडता सावलीत धुराजवळ ठेवावे.